चिठ्ठीवरचे अक्षर ओळखू नका

पंचवटीतील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“मी बारा वर्षांपासून नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती शिकवते. तास बुडवत नाही, खासगी शिकवणी घेत नाही आणि ज्यांना परवडत नाही अशा मुलांना वह्या, कंपासपेटी स्वतःच्या पैशाने देते. दिवाळीच्या सुटीआधी नववी ‘ब’च्या ५८ मुलामुलींना मी वहीतले पान फाडायला लावले आणि माझ्या तासाविषयी जे वाटते ते नाव न घालता लिहा, असे सांगितले. बहुतेकांनी ‘मॅडम छान शिकवतात’ असे लिहिले, पण पाच चिठ्ठ्यांनी माझी झोप उडवली आहे. एकीत आहे, ‘मॅडम मला फक्त सत्तावीस नंबर म्हणतात.’ दुसरीत, ‘मला उत्तर येत असते, पण मी बोलेपर्यंत तुम्ही पुढच्याला विचारता.’ तिसरीत, ‘तुम्ही पहिल्या दोन बाकांनाच शिकवता.’ चौथीच्या म्हणण्याप्रमाणे वीसपैकी गुण मी तोंड बघून देते. आणि पाचवीत लिहिले आहे, ‘गणित चुकले की तुम्ही म्हणता, मग काय मार्केट यार्डात गोण्या उचलणार का. माझे पप्पा यार्डातच आहेत.’ मी तसे म्हणाले असेन, पण ते कोणालाही उद्देशून नव्हते. शाळेतले एक सर म्हणतात की मुलांना असले काही विचारायचेच नसते, ती डोक्यावर बसतात. इतके करूनही मुलांना मी अशी दिसते याचे फार वाईट वाटते. अक्षरावरून दोघातिघांना मी ओळखू शकते. त्यांना बाजूला घेऊन बोलू का? की एकूणच जरा मवाळ होऊ?”

नमस्कार बाई. तुमचे विद्यार्थी तुम्हाला मॅडम म्हणतात, पण आमच्या पिढीच्या शिक्षक-खोलीत आम्ही सगळ्या एकमेकींना बाईच म्हणत असू आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

आधी अक्षराचा प्रश्न मिटवू, कारण त्यात चूक झाली तर पुढचे काहीच कामाचे राहणार नाही. नाव न घालता लिहा, हा तुम्ही ५८ मुलांना दिलेला शब्द होता. त्यांतील एकाला जरी तुम्ही प्रेमाने, पाठीवर हात ठेवून, ‘ही चिठ्ठी तुझी ना?’ असे विचारले, तरी मधल्या सुटीपर्यंत ती बातमी सगळ्या तुकड्यांत पोहोचेल आणि दहावी होईपर्यंत तुम्हाला ‘मॅडम छान शिकवतात’ याखेरीज काहीही वाचायला मिळणार नाही. शिवाय गणिताच्या वह्या वर्षानुवर्षे तपासलेल्या शिक्षिकेला अक्षर ओळखू येते, हे मुलांनाही ठाऊक असते. ते ठाऊक असून पाच जणांनी खरे लिहिले, याचा अर्थ तुम्ही डूख धरणार नाही असा त्यांना विश्वास वाटला. पत्रात तुम्ही या पाच चिठ्ठ्यांना कृतघ्नपणा म्हटलेले नाही, तरी शब्दांच्या मागे ती भावना जाणवते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

आता तुमच्या मुख्य दुःखाकडे येते. शिक्षकाला स्वतःचा वर्ग जसा दिसतो तसा तो मुलांना दिसत नाही, आणि हे केवळ तुमच्याच बाबतीत घडलेले नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात थिओ वुबेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून याचा पद्धतशीर अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडून त्यांच्या शिक्षकाच्या वागण्याविषयी एक प्रश्नावली भरून घ्यायची, तीच प्रश्नावली शिक्षकाने स्वतःविषयी भरायची आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या, अशी त्यांची रीत होती. बहुसंख्य शिक्षकांनी स्वतःला विद्यार्थ्यांपेक्षा चांगले मत दिले होते. काही शिक्षक उलट स्वतःला कमी लेखणारेही निघाले. तुम्ही या दुसऱ्या गटात नाही एवढेच आज कळले आहे, आणि ते कळण्यासाठी तुम्ही स्वतःहून कागद वाटले, हे बहुतेक शिक्षक करत नाहीत. मीही कधी केले नव्हते.

ही तफावत का पडते, याचे माझ्यापुरते उत्तर हिशेबाचे आहे आणि तुम्ही गणिताच्या असल्यामुळे ते तुम्हाला पटेल. पस्तीस मिनिटांच्या तासात ५८ मुले असतील, तर सगळा वेळ सारखा वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. तुम्हाला तुमचा तास म्हणजे अखंड पस्तीस मिनिटांची मेहनत म्हणून आठवतो, आणि वह्या-कंपासपेट्यांसकट ती सारी मेहनत तुमच्या मनात जमेला धरलेली असते. मुलाला मात्र आपल्या वाट्याचे ते ३६ सेकंद आठवतात, तेही मिळाले तर. त्या सेकंदांत तुम्ही त्याचे नाव घेतले की नंबर, उत्तरासाठी थांबलात की पुढे गेलात, यावरून तो तुमच्याविषयी मत बनवतो. तुमच्या पाचही चिठ्ठ्या पुन्हा वाचून पाहा. तुम्ही कडक आहात, गृहपाठ फार देता किंवा रागावता, अशी तक्रार त्यांत एकानेही केलेली नाही. त्या सगळ्या वाटणीच्या तक्रारी आहेत.

दुसरी चिठ्ठी मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणे ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी शिक्षक किती वेळ थांबतो? ते साधारण एक सेकंद निघाले. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि ‘येत नाही’ म्हणणे कमी झाले. तुमच्या चिठ्ठीशी थेट जुळणारा भाग पुढचा आहे. ज्यांना शिक्षक हुशार समजत होते त्यांच्यासाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत, आणि ज्यांना कच्चे समजत होते त्यांना एक सेकंदही मिळत नसे. म्हणजे ज्याला विचार करायला अधिक वेळ हवा त्यालाच तो कमी मिळत होता. हे शिक्षक दुष्ट नव्हते. मुलाची फजिती लांबू नये अशा भल्या हेतूनेही आपण घाईने पुढे जातो. मुलाला मात्र तो हेतू दिसत नाही, त्याला फक्त तुमची मान वळलेली दिसते.

नाशिकमध्ये या थांबण्याला आणखी एक अर्थ आहे. तुमच्या वर्गात पेठ-सुरगाण्याकडून येऊन वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहणारी मुले असतील, त्यांच्या घरी कोकणा बोलली जाते. बागलाण-मालेगावकडच्या मुलांच्या घरी अहिराणी असते. अशा मुलाच्या मनात उत्तर तयार झाले, तरी ते पुस्तकी मराठीत बसवून, कोणी हसणार नाही अशा बेताने उच्चारायला त्याला एक पायरी जास्त चढावी लागते. ‘मला उत्तर येत असते’ असे लिहिणारे मूल यांपैकी असेल असे मी म्हणत नाही, आणि आहे का ते शोधूही नका. सर्वांसाठीच तीन सेकंद थांबा. ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी ते तीन सेकंद फार लांब वाटतील आणि पहिल्या बाकावरची मुले हात वर करून अक्षरशः उठून उभी राहतील. हातातला खडू बोटांत सावकाश तीनदा फिरवायचा आणि तोवर कोणाचेही नाव घ्यायचे नाही, एवढा नेम ठेवला की आठवड्याभरात सवय होते.

पहिल्या दोन बाकांच्या तक्रारीवर तुमचा विश्वास बसलेला नाही, असे पत्रावरून वाटते. मग मोजून पाहा. वर्गातील बाकांचा नकाशा एका कागदावर काढून घ्या आणि प्रत्येक तासानंतर शिक्षक-खोलीत बसून, ज्यांच्याशी आज नावानिशी बोललात त्यांच्या जागी एक खूण करा. हे काम वर्गप्रमुखाकडे देऊ नका, नाहीतर उद्या तोच न्यायाधीश होऊन बसेल. सहा दिवसांनी तो कागद समोर ठेवा. मी हा प्रयोग उशिरा, नोकरीच्या अखेरच्या वर्षांत केला, तेव्हा खिडकीकडच्या मागच्या तीन बाकांवर आठवडाभर एकही खूण नव्हती. त्या मुलांशी माझे काही वाकडे नव्हते. फळ्याशी उभी राहिले की माझा चेहरा दाराकडे वळत असे, इतके साधे कारण होते.

मुले हे सगळे किती बारकाईने टिपतात, याचे एक उदाहरण देते. एलिशा बाबाद या इस्रायली मानसशास्त्रज्ञाचे काम याच विषयावर आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधील शिक्षकांच्या फक्त दहा सेकंदांच्या चित्रफिती न्यूझीलंडमधील प्रेक्षकांना दाखवल्या गेल्या आणि त्यांत शाळकरी मुलेही होती. चित्रफितीत विद्यार्थी दिसत नव्हता, शिक्षक हिब्रूत बोलत होता आणि पाहणाऱ्यांना हिब्रूचे अक्षरही कळत नव्हते. तरीही समोरचा विद्यार्थी शिक्षकाच्या मते हुशार आहे की कच्चा, हे त्यांनी चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखले. परक्या देशातल्या मुलांना दहा सेकंदांत जे कळते, ते नववी ‘ब’ला तुमच्यासोबत आख्खे सत्र काढल्यावर कळणार नाही, असे मानण्याला अर्थ नाही.

येथे एक सावधगिरीही सांगते, कारण बी.एड.ला तुम्ही रोझेनथाल आणि जेकबसन यांच्या १९६८मधील प्रयोगाविषयी शिकला असाल. शिक्षकांनी अपेक्षा वाढवली की मुलांची बुद्धी वाढते, असा त्याचा ढोबळ अर्थ अनेक वर्षे सांगितला गेला. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ आक्षेप आले आणि इतका मोठा परिणाम नंतरच्या अभ्यासांत सहसा दिसला नाही. तेव्हा तुमच्या एका नजरेने कोणाचे आयुष्य घडते किंवा बिघडते, असले ओझे डोक्यावर घेऊ नका. मला म्हणायचे आहे ते याहून मर्यादित आहे. तुमच्या लेखी आपण कोण आहोत याचा अंदाज मुले तुमच्या वागण्यावरून बांधतात, आणि तो बराचसा बरोबर असतो.

सत्तावीस नंबरविषयी फार लिहीत नाही. चार तुकड्या म्हणजे दोनशेहून अधिक नावे, हे मला माहीत आहे. हजेरीपटावरील दहा नावे दर आठवड्याला चेहऱ्यासह पाठ करा. पाढे पाठ करून घेणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

वीस गुणांची तक्रार मला अन्यायाची वाटते आणि तरीही ती तुम्हीच ओढवून घेतली असण्याचा संभव आहे. राज्य मंडळाच्या गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. लेखीची उत्तरपत्रिका मुलांना बघायला मिळते, वीस गुण कसे पडले ते बहुधा मिळत नाही. जे दिसत नाही त्याविषयी चौदा-पंधरा वर्षांचे मूल पक्षपाताचीच शंका घेते, आणि मोठी माणसेही सरकारी कचेरीत नेमके हेच करतात. गृहपाठाचे किती, चाचणीचे किती आणि उशिरा वही दिली तर किती कमी, हे एका कागदावर लिहून वर्गात लावा आणि प्रत्येकाला त्याच्या गुणांची फोड पाहू द्या. ही शंका त्याने बरीचशी निवळेल.

आता पाचवी चिठ्ठी. ते कोणालाही उद्देशून नव्हते, असे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे असणार. पण पंचवटीतल्या शाळेत मार्केट यार्डाचे नाव घेतले आणि ते कोणालाच लागले नाही, असे होऊ शकत नाही. कोणाचे वडील तेथे हमाली करतात, कोणाची आई कांदा निवडायला जाते, तर कोणाच्या मामाचा टेम्पो तेथे लागतो. गणित येत नाही हे ऐकण्याची मुलाची तयारी असते. त्या एका वाक्याने मात्र त्याला कळले की ज्या कामावर आपले घर चालते, ते काम आपल्या मॅडमच्या मते चुकीच्या उत्तराची शिक्षा आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यातील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करते. तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे आणि मी तो तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. आपल्या पिढीने जे ‘टोमणा’ म्हणून सोडून दिले, त्याला आता निराळे नाव आहे, एवढे ध्यानात असावे.

या बाबतीत तुम्ही वर्गाची माफी मागावी असे माझे मत आहे. मूल शोधून, बाजूला घेऊन मागितलेली माफी त्याला आणखी उघडे पाडेल, म्हणून ती सर्वांसमोर आणि कोणाकडेही न बघता असावी. तास सुरू करताना सरळ म्हणा, “गणित चुकले की मी मार्केट यार्डाचे नाव घेत असे. कोणाच्या घरच्या कामाचा असा उल्लेख करणे चूक होते, मी पुन्हा करणार नाही.” एवढे बोलून फळ्याकडे वळा. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देऊ नका, आणि कृपा करून दुसऱ्याच दिवशी हमालीच्या दरावर शाब्दिक उदाहरण घालू नका. मुलांना अशी सारवासारव लगेच कळते.

मवाळ व्हावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. वुबेल्स यांच्या मांडणीत शिक्षकाचे वागणे दोन दिशांनी मोजले जाते. वर्गावर त्याचा प्रभाव किती आणि मुलांशी त्याची जवळीक किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक वाढवण्यासाठी दुसरी कमी करावी लागत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत अशा शिक्षकांच्या वर्गात मुले अधिक शिकतात, असेच त्यांच्या अभ्यासांतून दिसत आले. त्याच परंपरेतील एक निरीक्षण तुमच्या बारा वर्षांना लागू पडेल असे वाटते : नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत वर्गावरची पकड वाढत जाते, जवळीक मात्र अनुभवाबरोबर आपोआप वाढत नाही. मुलांच्या भाषेत ‘कडक’ आणि ‘खडूस’ हे दोन निराळे शब्द आहेत. कडक सर सर्वांना सारखे रागावतात आणि तास संपला की विसरतात. खडूस सर माणूस बघून रागावतात. तुम्ही खुशाल कडक राहा.

मी स्वतः कितीतरी वर्षे तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटत असे. त्याने चुरस लागते, असा माझा ठाम समज होता. एका वर्षी सहलीच्या बसमध्ये शेजारी बसलेली एक मुलगी सहज बोलून गेली, “बाई, तुमच्या हातातला गठ्ठा लहान होत जातो ना, तसा घसा कोरडा पडतो.” ती काही तक्रार करत नव्हती, पाऊस पडतो असे सांगावे तसे तिने सांगितले. त्यानंतर मी पेपर हजेरीच्या क्रमाने, पालथे ठेवून वाटू लागले.

पेपरवरून आठवले. लाल शाईने ‘अपूर्ण’, ‘पायऱ्या कोठे?’ एवढेच लिहिण्याऐवजी वर्षातून एकदोनदा तरी एक पूर्ण वाक्य लिहा. अमेरिकेत डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि इतरांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर नेहमीच्या दुरुस्त्यांसोबत एक चिठ्ठी जोडली होती. माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकशील हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना केल्या आहेत, अशा आशयाची ती होती. शिक्षकांवर ज्यांचा मुळात विश्वास कमी होता, अशा कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध सुधारून परत देणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे ठळकपणे वाढले. अशी चिठ्ठी मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांतील मुलांच्या निबंधांवर दुरुस्त्या नेहमीसारख्याच होत्या. त्या कशासाठी केल्या आहेत, हे मुलांना एकदा सांगितले गेले होते.

तुमच्या सहकारी सरांना माझा नमस्कार सांगा. मुले डोक्यावर बसतात ती विचारल्यामुळे नव्हे. विचारायचे आणि पुढे काहीच करायचे नाही, असे झाले तर त्या विचारण्याची मात्र थट्टा होते. म्हणून सुटी संपल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगा की चिठ्ठ्या वाचल्या, अमुक तीन गोष्टी बदलणार आहे आणि अमुक एक बदलता येणार नाही. न बदलता येणाऱ्या गोष्टीही मोकळेपणाने सांगा. मतदारयाद्यांचे काम, संकेतस्थळावर भरायच्या माहित्या आणि बदली तास यांनी दुपारपर्यंत तुमचा चेहरा उतरलेला असेल, तर मुले तो राग समजतात आणि प्रत्येकाला वाटते की तो आपल्यावरच आहे. “आज मी दमले आहे, तुमच्यावर चिडलेली नाही,” हे वाक्य वर्गात म्हणायला हरकत नाही. चौदा वर्षांच्या मुलांना ते नीट समजते.

जानेवारीत पुन्हा चिठ्ठ्या घ्या, पण या वेळी ‘काय वाटते’ असा मोघम प्रश्न नको. ‘गेल्या पंधरा दिवसांत मी तुमच्याशी नावानिशी बोलले का?’ आणि ‘उत्तर द्यायला वेळ मिळाला का?’ असे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तरादाखल फक्त खूण करायला सांगा, म्हणजे अक्षराचा प्रश्नच येणार नाही. आणि वहीची पाने फाडायला लावू नका, कोणाची वही कोणती हे तुम्हाला कळते. एकसारखे कोरे कागद तुम्हीच वाटा.